प्रथिनाचा आत्मसंयम

कोणत्या जनुकाला केव्हा बोलते करावयाचे याचा अखत्यार ज्यांच्याकडे असतो, त्या ट्रान्सक्रिप्शन फॅक्टर नावाच्या प्रथिनांची डीएनएवरील पकड मोजण्यात माझी उमेदीची बहुतेक वर्षे गेली. आणि माझे साधन म्हणजे १९८१ साली प्रचारात आलेले जेल-शिफ्ट, ज्यात किरणोत्सर्गी फॉस्फरसाची खूण केलेला डीएनएचा तुकडा एकटा असला तर जेलमधून झरझर खाली उतरतो, प्रथिनाने धरला असला तर वरच रेंगाळतो, आणि फिल्म धुतली की दोन्ही अवस्थांचे काळे पट्टे डोळ्यांपुढे उभे राहतात.

या कामात नवख्याला कोड्यात टाकणारी गोष्ट ही, की पुष्कळदा सबंध प्रथिनापेक्षा त्याचा छाटलेला तुकडाच डीएनएला अधिक घट्ट धरतो. ईटीएस-१ हे प्रथिन घ्या. मानवी पेशीतील त्याची लांबी ४४१ अमिनो आम्लांची, पण जीजीएए ही अक्षरे हेरून धरणारा भाग जेमतेम ८५ आम्लांचा. तेवढाच अलग काढून लेनमध्ये घातला तर वरचा पट्टा ठसठशीत उमटतो, आणि तितक्याच मात्रेचे अखंड प्रथिन घातले तर फिकट. त्या भागाच्या दोन्ही अंगांना असलेली हेलिक्सची वेटोळी एकत्र येऊन त्याच्यावर नजरकैद बसवितात. डीएनएवर बसताना त्यांतील एक वेटोळे चक्क उलगडते, हे बार्बारा ग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ साली दाखवून दिले. प्रथिन कापणारे विकर बेताने घातले असता, एरवी शाबूत राहणारी ती जागा डीएनएच्या सान्निध्यात कापली जाऊ लागते, हा त्यांच्या पुराव्यातील एक धागा. इतक्या साध्या युक्तीने एवढे मोठे गुपित फुटावे, याचे मला आजही कौतुक वाटते.

बंदोबस्त एवढ्यावरच संपत नाही. शेजारच्या, ठाम आकार नसलेल्या, सेरीनबहुल पट्ट्यावर पेशीतील कॅल्शियम वाढताच फॉस्फेटे चढू लागतात, आणि जितकी अधिक चढतील तितकी पकड सैल होत जाते. म्हणजे हा कारभार उघड-मीट करणाऱ्या कडीचा नसून कमीअधिक करता येण्याजोगा आहे. उलट, रन्क्स-१ हे जोडीदार प्रथिन लगतच्या जागेवर हजर असले, की ईटीएस-१वरील निर्बंध ढिले पडतात.

छाटलेले तुकडे जिवाणूंत सहज तयार होतात, त्यांचे स्फटिकही लवकर जमतात, म्हणून त्यांच्यावरच भिस्त ठेवण्याचा प्रघात पडला; माझ्या मते तो सोयीचा आहे, शास्त्राचा नव्हे. तुकड्यावरून पकडीचे बळ कळते, पेशीतली तिची वागणूक नव्हे. तेव्हा या कामात नव्याने पडणाऱ्यांना माझी विनंती एवढीच, की तुकड्याच्या शेजारच्या लेनमध्ये अखंड प्रथिनही चालवावे, आणि त्याचा पट्टा फिका आला म्हणून ते लगेच फेकून देऊ नये.