वरचे बोलावणे

बेसबॉलच्या व्यवहारात 'कॉल-अप' असा एक शब्दप्रयोग रूढ आहे. खालच्या लीगमध्ये खेळणाऱ्या खेळाडूला मेजर लीगच्या संघाने आपल्याकडे बोलावून घेणे, एवढाच त्याचा अर्थ. त्याचे मराठी करू गेलो तर 'वरून बोलावणे आले' असे होते आणि पंचाईत उभी राहते. आपल्याकडे वरून बोलावणे येते ते एकाच ठिकाणाहून, आणि ते सर्वांनाच येते. बेसबॉलमधले बोलावणे बहुतेकांना येतच नाही. तरीही भाषेने नकळत जुळवलेली ही दोन बोलावणी आम्हाला अगदीच परकी वाटत नाहीत. दोन्हींची वेळ सांगता येत नाही आणि दोन्हींसाठी सामान बांधून ठेवता येत नाही.

ड्रू मॅगी या खेळाडूचे हंगाम आम्ही वाचत आलो. 'पाहत आलो' असे म्हणणे खोटे ठरेल. खालच्या लीगचा खेळाडू दुरून अनुसरायचा तर त्याचे मुख्य साधन बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आखीव धावफलक. हा प्रकार घडवण्याचे श्रेय हेन्री चॅडविक या एकोणिसाव्या शतकातल्या पत्रकाराला देतात. तो जन्माने इंग्रज, क्रिकेटचे वृत्तांत लिहिणारा, आणि बेसबॉलचा फलक त्याने क्रिकेटच्याच फलकावरून बेतला. त्यामुळे मराठी वाचकाला हा वाङ्मयप्रकार परका वाटू नये. मॅगीच्या नावापुढे एखाद्या संध्याकाळी चारांत शून्य, दुसऱ्या संध्याकाळी पाचांत दोन. त्यापलीकडे मजकूर नाही. पात्राचे अंतरंग इतके बंद ठेवणारे गद्य आम्ही क्वचितच वाचले असेल.

ॲरिझोना स्टेट विद्यापीठातून पिट्सबर्ग पायरेट्स या संघाने २०१० साली त्याला निवडले, तेही पंधराव्या फेरीत. मॅगी इनफिल्डर. म्हणजे गोलंदाजाच्या मागे, बेसच्या आसपास उभा राहून जमिनीलगत येणारे चेंडू अडवणारा, उचलून क्षणार्धात फेकणारा. त्याच्यासारख्याला 'युटिलिटी' खेळाडू म्हणतात: शॉर्टस्टॉप हवा तर शॉर्टस्टॉप, दुसरा बेस हवा तर दुसरा, तिसरा हवा तर तिसरा, प्रसंगी बाहेरचे मैदानही. लग्नघरात एक नातेवाईक असतो, जो पंगतीत वाढतो, मांडवाच्या दोऱ्या आवळतो, पाहुण्यांना स्टेशनवर सोडून येतो आणि फोटोत कुठेच दिसत नाही. त्याच्यावाचून अडते, पण त्याच्यासाठी काही थांबत नाही. संघव्यवस्थापनाच्या लेखी अशा माणसाची अडचण अशी की तो सर्वत्र उपयोगी असल्याने कुठेच अपरिहार्य नसतो.

मेजर लीगखाली प्रत्येक संघाची चार पायऱ्यांची उतरंड असते: सिंगल ए, हाय ए, डबल ए आणि ट्रिपल ए. २०२१च्या पुनर्रचनेनंतर असे १२० संलग्न संघ उरले. पण वर जाण्याचा मार्ग या पायऱ्यांवरून सरळ जात नाही. तो ४० नावांच्या एका यादीतून जातो. त्या यादीत नाव नसेल तर आधी कोणाचे तरी नाव खोडावे लागते, अथवा जागा रिकामी असावी लागते. तरुण, महागड्या होतकरूंसाठी ती जागा राखून ठेवण्याकडे संघांचा कल असतो. तिशीतल्या, करार संपत-जोडत फिरणाऱ्या इनफिल्डरसाठी सप्टेंबर महिना म्हणून तर मोलाचा होता. २०१९ पर्यंत १ सप्टेंबर उजाडला की मेजर लीगचा संघ खेळवण्याजोग्या खेळाडूंची संख्या २५ वरून थेट ४० पर्यंत नेऊ शकत असे. हंगामाच्या अखेरीस, विशेषतः हरलेल्या संघांच्या दारात, बरीच गर्दी होई. अमेरिकन बोलीत अशा अल्प मुक्कामाला 'कपभर कॉफी' म्हणतात. आपण उभ्याउभ्या चहा घेऊन निघतो, तसेच. मग नियम बदलला. आता सप्टेंबरात २६ चे २८ होतात, बस्स. सामने रेंगाळू नयेत, दोन्ही बाजूंचे संख्याबळ समान असावे, ही कारणे रास्तच आहेत. पण मॅगीची पिढी उंबरठ्याशी पोचली नेमक्या त्याच वेळी उंबरठा अरुंद झाला, आणि त्याआधी २०२०चा खालच्या लीगचा अख्खा हंगामच महासाथीने गिळला होता.

या उमेदीच्या खाली पैशाचा जो व्यवहार आहे तो वगळून तिच्याविषयी हळवे होणे आम्हाला अप्रामाणिक वाटते. २०२१ साली ट्रिपल ए मधले किमान वेतन आठवड्याला ७०० डॉलर होते, तेही हंगामापुरते. त्याच वर्षी मेजर लीगचे किमान वेतन हंगामाला ५,७०,५०० डॉलर होते, म्हणजे दिवसाला सुमारे तीन हजार. वरचा एक दिवस खालच्या चार आठवड्यांना भारी. अमेरिकी काँग्रेसने २०१८ साली खालच्या लीगच्या खेळाडूंना केंद्रीय किमान वेतनाच्या व अधिक तासांच्या तरतुदींतून बऱ्याच अंशी वगळले होते. २०२२ मध्ये हे खेळाडू संघटित झाले आणि २०२३च्या पहिल्या सामूहिक कराराने डबल ए चे किमान वार्षिक वेतन १३,८०० वरून ३०,२५० डॉलरवर गेले. इतकी वर्षे वेतनातली तूट आशेने भरून काढली जात होती. माणूस आपल्या स्वप्नासाठी स्वतःच वर्गणी भरतो, आणि मालकाला हे ठाऊक असते. कष्टावरचे प्रेम आणि कष्टाचे शोषण एकमेकांत इतके मिसळलेले असताना दुरून धावफलक वाचून मोहरणाऱ्या आम्हा वाचकांचे स्थान काय, हा प्रश्न आम्हाला अनेकदा टोचला आहे.

२०२१चा सप्टेंबर. मॅगी तेव्हा मिनेसोटा ट्विन्सच्या ट्रिपल ए संघात, सेंट पॉल सेंट्समध्ये होता. सेंट पॉल आणि मिनियापोलिस ही जुळी शहरे. मेजर लीगचे मैदान मिसिसिपीपलीकडे, मोटारीने काही मिनिटांवर. त्या महिन्यात बोलावणे खरोखरच आले. तो वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ट्विन्सचा गणवेश घालून डगआउटमध्ये बसला. सामने झाले. त्याला कोणी उठवले नाही. काही दिवसांत तो परत खाली गेला. अशा खेळाडूंसाठी बेसबॉलच्या इतिहासकारांकडे एक नाव आहे, 'फँटम', म्हणजे वरच्या यादीत येऊन गेलेला, पण मैदानावर कधीच न उमटलेला. त्या रात्रींचे धावफलक आम्ही वरून खाली वाचले. बसून राहिलेल्यांचा रकाना धावफलकात नसतो.

मराठी वाचकाला इथे पद्माकर शिवलकर आठवतील, आणि आठवावेतच. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि एकही कसोटी नाही. पण ही तुलना फार ताणता येत नाही. शिवलकरांच्या पुढे बिशनसिंग बेदी उभे होते. आडवे आले ते एक नाव, एक चेहरा, आणि तोही थोर. त्यामुळे शिवलकरांच्या कहाणीला शोकांतिकेची भव्यता लाभते. मॅगीच्या आड कोणी बेदी नव्हता. होती ती चाळीस नावांची यादी, कोणाचा तरी दुखावलेला स्नायू, कोणाचे तरी बरे होणे.

वाङ्मयाने आणि चित्रपटाने या जगाकडे पाहिलेच नाही असे नाही. 'बुल डरहॅम' (१९८८) लिहिणारा-दिग्दर्शित करणारा रॉन शेल्टन स्वतः खालच्या लीगमधला इनफिल्डर होता, ट्रिपल ए पर्यंत पोचून थांबलेला. त्याच्या नायकाच्या वाट्याला त्याने वरचे एकवीस दिवस दिले आहेत. आणि आर्चिबाल्ड ग्रॅहॅम तर आख्यायिकाच झाला: २९ जून १९०५ रोजी न्यूयॉर्क जायंट्सकडून एकच सामना, फलंदाजीची पाळी नाही, पुढे मिनेसोटातल्या चिझम गावी डॉक्टर. डब्ल्यू. पी. किन्सेला यांनी 'शूलेस जो' (१९८२) या कादंबरीत त्याला आणले आणि 'फील्ड ऑफ ड्रीम्स' (१९८९) या चित्रपटाने घरोघरी पोचवले. ग्रॅहॅम लेखकांना आवडतो याचे कारण आम्हाला उघड दिसते. त्याने वेळेवर सोडले. त्याच्या आयुष्याला दुसरा अंक आहे, तोही उदात्त. जो सोडत नाही, दरवर्षी नवा करार करून नव्या गावच्या बसमध्ये बसतो, त्याच्या कथेला कलाटणी कुठून आणायची? विद्यार्थ्यांना कथानकाचा आलेख शिकवताना चढ, परमोच्च बिंदू, उतार अशी रेघ फळ्यावर काढावी लागते. अकरावा, बारावा, तेरावा हंगाम त्या रेघेवर कुठे ठेवायचा हे आम्हाला अद्याप सुचलेले नाही.

२०२३च्या वसंतात तो अल्टूनाला होता. पेनसिल्वेनियातले हे रेल्वेचे गाव. डोंगराला वळसा घालणारे लोहमार्गाचे प्रसिद्ध वळण जवळच आहे, त्यावरूनच संघाचे नाव 'कर्व्ह'. उजव्या मैदानामागे जत्रेतला लाकडी रोलर कोस्टर दिसतो. डबल ए, म्हणजे सेंट पॉलहूनही एक पायरी खाली, वय तेहतीस. एप्रिलच्या उत्तरार्धात पायरेट्सचा ब्रायन रेनॉल्ड्स घरच्या दुःखामुळे रजेवर गेला आणि तेरा हंगाम, १,१५५ सामन्यांनंतर मॅगीला पिट्सबर्गहून बोलावणे आले. एकाच्या घरातल्या शोकाने दुसऱ्याचे दार उघडावे, हे कोणा कादंबरीकाराने लिहिले असते तर आम्ही समासात 'अतिरेक' असा शेरा मारला असता.

२६ एप्रिलला डॉजर्सविरुद्ध, आठव्या डावात, सामना हातात आलेला असताना, अँड्र्यू मॅककचनच्या जागी त्याला फलंदाजीला पाठवले. प्रेक्षक उभे राहिले, त्याच्या नावाचा घोष सुरू झाला. त्याच वर्षी मेजर लीगने दोन चेंडूंमधल्या वेळेवर घड्याळ लावले होते. त्या गजरात मॅगीला सज्ज व्हायला उशीर झाला आणि नियमाप्रमाणे त्याच्यावर एक स्ट्राइक लागला. तेरा वर्षे थांबलेल्या माणसाला काही सेकंदांच्या विलंबाचा दंड! पंच चुकले असे आम्ही म्हणत नाही. त्याच पाळीत तो बाद झाला. लोक पुन्हा टाळ्या वाजवू लागले.

तीन दिवसांनी, २९ एप्रिलला, वॉशिंग्टनमध्ये त्याचा पहिला हिट आला. मेच्या आरंभी तो परत अल्टूनाला गेला.

मेजर लीगच्या अधिकृत नोंदीत त्याच्या नावापुढे तीन सामने, सहा पाळ्या, दोन हिट आणि सरासरी .३३३ असे आकडे आहेत. वर्षाच्या रकान्यात २०२३ आहे आणि संघाच्या रकान्यात पिट्सबर्ग. मिनेसोटाच्या डगआउटमधल्या त्या सप्टेंबरासाठी तिथे ओळ नाही.