आमच्या विहीणबाईंची वाइन

मद्याविषयीं आमच्या घरांत बोलणें निघतें तें निषेधाचें. आणि अलीकडील तरुण मंडळींत निघतें तें बहुधा कौतुकाचें. या दोहोंच्या मध्यें नुसतें समजून घेण्याची म्हणून एक जागा आहे, ती सहसा रिकामीच राहते. आम्हीं आजन्म मद्य घेतलें नाहीं व पुढेंहि घेणार नाहीं. तथापि आमच्या कन्येनें फ्रान्समधील आल्सास प्रांतांतल्या एका द्राक्षमळेवाल्या कुटुंबांत विवाह केल्यामुळें त्या जागेंत पाऊल ठेवण्याचा प्रसंग आम्हांवर आला.

व्होज पर्वत व ऱ्हाईन नदी यांच्यामध्यें हा प्रांत वसला आहे. पश्चिमेकडून येणारा पाऊस बराचसा पर्वतावरच पडून जातो. त्यामुळें कोलमार शहराच्या आसपास हवा कोरडी असते व द्राक्षें वेलीवर सावकाश पिकूं शकतात. त्यांतील एका जातीचें नांव गेवुर्त्सट्रामिनर. ‘गेवुर्त्स’ म्हणजे जर्मन भाषेंत मसाला, आणि ‘ट्रामिनर’ हें नांव आज इटलींत असलेल्या ट्रामिन गांवावरून आलेलें. द्राक्षाची साल गुलाबी, पण वाइन पांढरी, सोनेरी झांक असलेली. गुलाब व लिची यांच्या सुवासांत जें एक द्रव्य असतें, तेंच हिच्यांतहि आढळतें. साधी वाइन कमीअधिक गोड असते. द्राक्षें वेलीवर उशिरापर्यंत राखून केलेली मात्र चांगलीच गोड होते. या उशिराच्या तोडणीचे नियम तेथें १९८४ सालीं कायद्यानें ठरले.

पहिल्याच जेवणाला विहीणबाईंनीं या वाइनचा पेला आमच्यापुढें ठेवला. आम्हीं हात जोडून नको म्हटलें. त्यांचा चेहरा उतरला. ज्यांच्या चार पिढ्या त्या मळ्यांत राबल्या, त्यांना हा नकार भरल्या पानावरून उठण्यासारखाच वाटला असेल. कन्या दोघांच्या मध्यें अवघडून गेली. तेव्हां आम्ही म्हणालों, “आम्ही घेणार नाहीं, पण ही कशाबरोबर वाढतां आणि कां, तें मात्र आम्हांला सांगा.” कन्येनें तें त्यांच्या भाषेंत सांगितलें आणि बाईंची कळी खुलली.

पेल्याचा वास त्यांनीं आम्हांला घ्यावयास लावला. तो खरोखरच गुलाबाचा होता. मग त्यांनीं शेजारच्या दरींतलें मुन्स्टर चीज पुढें केलें. त्याचा दर्प उग्र, चव खारट. वर शहाजिऱ्यासारखे दाणे. खारटपणाला गोडी सांवरते व उग्र दर्पापुढें हिचाच सुगंध टिकतो, म्हणून ही जोडी. आलें-मिरचीच्या पदार्थांशींहि तिचें जमतें, कारण साखर तिखटाची धार बोथट करते. गोड पदार्थ वाइनहून अधिक गोड नसावा, नाहीं तर वाइन फिकी लागते. आंबटाशीं मात्र तिचें पटत नाहीं. तिच्या अंगीं आंबटपणा कमी, म्हणून ती तेथें बेचव होते.

त्यावर आम्हीं पुरणपोळी व कटाची आमटी यांचें नातें सांगितलें: डाळ एकच, पण एकीकडे गोडवा व दुसरीकडे तिखट-आंबट, म्हणून दोन्ही संपतात. बाईंना तें तत्काळ पटलें.

एक गोष्ट मात्र आम्हीं जांवईबापूंजवळ स्पष्ट बोलून दाखविली. गोडीमुळें ही वाइन सौम्य भासते. परंतु तिच्यांत मद्यार्क बहुधा शेंकडा १३ ते १४ असतो. मद्याचें कोणतेंहि प्रमाण आरोग्याला निर्धोक नाहीं, असें जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं जाहीर केलें आहे. त्यांनीं तें शांतपणें ऐकून घेतलें, आणि आमच्या नातवंडांसाठीं त्याच द्राक्षांचा ताजा रस वेगळा काढून ठेवण्याचें कबूल केलें.

हल्लीं विहीणबाईंच्या पत्रांतून आमच्याकडील पदार्थांची चौकशी असते. श्रीखंडाशेजारीं काय वाढतां, असें त्यांनीं गेल्या खेपेस विचारलें होतें. पुरी व बटाट्याची सुकी भाजी, असें सौभाग्यवतींनीं परत टपालीं कळविलें आहे.