नरम पेडलचा तपास

वाशीमचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर, आणि अकोला त्याच्या जवळजवळ निम्म्या उंचीवर. त्यामुळे मालेगाव तालुक्यातील तूर अकोल्याच्या डाळमिलांकडे न्यावयाची म्हणजे मेडशी मागे टाकून पातूरच्या घाटाने पूर्णेच्या खोऱ्यात उतरणे क्रमप्राप्तच असते, आणि भरलेल्या गाडीच्या ब्रेकांची खरी परीक्षा त्या उतारावरच होते. माझ्या पिकअपचे पेडल ऐन तुरीच्या हंगामात नरम लागू लागले. ओल्या कापसाच्या गादीवर पाय पडावा तसे ते पहिल्या दाबाला निम्म्याहून खाली जाई, लागोपाठ पंपिंग केले म्हणजे मात्र वर येऊन बरेचसे कडक होई. गाडी थांबत असे, पण जेथे थांबावयास हवी त्याच्या चार हात पुढे.

गावात कौल एकच पडला: मास्टर सिलेंडरची किट बदला. हा कौल आमच्या इलाख्यात इतका सरसकट दिला जातो की, त्यापायी पुष्कळ निर्दोष सिलेंडर नाहक खोलले गेले असावेत. मालेगावचे मिस्त्री, ज्यांचा माझा परिचय ट्रॅक्टरच्या निमित्ताने जुना, ते मात्र पान्याला हातही न लावता म्हणाले, “गुरुजी, अगोदर पाय काय म्हंते ते पाहू, मंग खोलू. घाटातच नरम लागते, का सकाळी थंड्या गाडीवरही?”

या प्रश्नात मोठा अर्थ भरलेला होता. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-३ प्रतीच्या ताज्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण पाणी मुरलेल्या तेलाच्या बाबतीत ही मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते, आणि लांब उतारावर तापलेल्या ब्रेकांमुळे अशा तेलाला उकळी फुटली म्हणजे नळ्यांत वाफ होऊन पेडल एकाएकी खाली बसते. माझे पेडल थंड गाडीवरही तितकेच नरम होते. म्हणून वाफेचा संशय तेथेच संपला.

पुढचा तपास त्यांनी माझ्याच पायाकडून करविला. इंजिन चालू ठेवून पेडल एकसारखे दाबून धरावयास सांगितले. मास्टर सिलेंडरच्या आतील रबरी कप झिजले असते, तर तेल मागे निसटून पेडल हळूहळू जमिनीकडे सरकले असते, परंतु ते जेथे होते तेथेच राहिले. टाकीतील तेलाची पातळी घटलेली नव्हती, मागचे ड्रम काढून पाहिले तर व्हील सिलेंडरचे बूट कोरडे होते. लायनर झिजले असले, तरी पेडल खाली जाऊन तेथे ठणठणीत लागते. दाब वाढवावा तसतसे दबत जाणारे पेडल हे बहुधा नळीत अडकलेल्या हवेचे लक्षण होय, कारण तेल दबत नाही, हवा दबते. पण हवा तर रस्त्याकडेच्या एका गॅरेजात वारंवार काढून झाली होती, आणि तरीही गुण आला नव्हता!

येथे मिस्त्रींची हुशारी दिसली. पुढच्या दोन चाकांचे आणि मागच्या एक्सलकडे जाणारा एक, असे तिन्ही रबरी होज त्यांनी गुळगुळीत जबड्याच्या क्लॅम्पने बेताने आवळले (साध्या पकडीने आवळले तर रबर आतून फाटते, हे बजावण्यास ते विसरले नाहीत) आणि मला पेडल दाबावयास सांगितले. ते वरच्या वर कडक लागले. म्हणजे मास्टर सिलेंडर सर्वस्वी निर्दोष. मागचा होज मोकळा केला, तरी कडकपणा कायम. पुढचा डावा मोकळा करताच पेडल खचले, आणि त्याला पुन्हा आवळून उजवा सोडला, तेव्हाही तसेच.

दोन्ही पुढची चाके एकाच वेळी, एकाच प्रमाणात बिघडावीत, हे मला विलक्षण वाटले. मिस्त्रींना वाटले नाही. चाके काढून ते कॅलिपरपाशी उकिडवे बसले, बोटाने धूळ पुसली आणि म्हणाले, “हे पाहा, निप्पल खाली हाय.” मध्यंतरी कुठल्याशा गॅरेजात दोन्ही कॅलिपर सील बदलण्यासाठी उतरविले गेले, ते बसविताना डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे गेला. बोल्ट बिनदिक्कत बसतात, होजही पोहोचतो. फक्त हवा काढण्याचे निप्पल, जे वरच्या अंगास असावयास हवे, ते खाली येते. हवेचा धर्म वर जाण्याचा. त्यामुळे कितीही पंपिंग करून निप्पल सोडले, तरी खालून स्वच्छ तेलच बाहेर पडे, आणि हवेचा बुडबुडा वरच्या पोकळीत निर्धास्त राही.

कॅलिपर आपापल्या बाजूस गेले. मग जुने, तपकिरी झालेले तेल काढून टाकून, सर्वांत दूरच्या म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून क्रमाने, पारदर्शक नळीतून बुडबुडे येणे थांबेपर्यंत त्यांनी हवा काढली. पुढच्या दोन चाकांपाशी ते कितीतरी वेळ फसफसत होते. पेडल आता दोन बोटे दबून घट्ट लागू लागले. मी तूर भरण्याची तजवीज करू लागलो, तर त्यांनी हटकले, “काहून घाई करता? मेडशीपर्यंत रिकामी न्या, वापस आणा, निप्पल ओले झाले का पाहू. कोरडे असन, तं भरा पोते.”