बाकी किरकोळ

साहित्याच्या अभ्यासकाला ग्रंथालयाची पायरी परिचयाची असते, दप्तरखान्याचीही असते. पोलीस ठाण्याची पायरी मात्र तो सहसा चढत नाही, आणि चढलाच तर त्याचे येणे साहित्यासाठी आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. मी ती चढले ती कवितांच्या एका वहीसाठी.

वही माझ्या वडिलांची. दादा रेल्वेत कारकून होते. १९७४ चा देशव्यापी रेल्वे संप ८ मे रोजी सुरू झाला आणि २७ मे रोजी मागे घेतला गेला. त्या काळात हजारो कामगारांना अटक झाली. दादा त्यांपैकी एक. पहाटे त्यांना घरातून नेले, आणि ट्रंकेतली वहीही नेली. काही दिवसांनी दादा परत आले. वही आली नाही. उरलेले हस्तलिखित कागद आईने त्याच दिवशी चुलीत घातले होते. माझा जन्म त्यानंतर पाच वर्षांनी झाला. दादा कविता लिहीत असत हे मला समजले ते त्यांच्या निधनानंतर. आई एवढेच म्हणाली, "लिहायचे ते. सगळं पोलिसांकडं राहिलं." त्यापलीकडे तिने काही सांगितले नाही.

इतरांच्या हस्तलिखितांविषयी मी पुष्कळ लिहिले आहे. खाडिलकरांचे 'कीचकवध' १९०७ साली रंगभूमीवर आले आणि १९१० साली त्यावर बंदी आली, हे विद्यार्थ्यांना सांगताना सरकारी दप्तर हे वाङ्मयेतिहासाचे साधन कसे ठरते यावर मी तास घेतले आहेत. रणजित गुहा यांचा १९८३ चा बंडखोरीविरोधी गद्यावरील निबंधही मी वर्षानुवर्षे शिकवीत आले. परंतु ज्या दप्तरात आपल्याच घरातला माणूस आरोपी म्हणून नोंदला आहे, ते उघडून मागावयाचे कसे, हे मला ठाऊक नव्हते.

पहिली अडचण पत्त्याची. रेल्वेच्या गावात पोलीस तीन: शहराचे ठाणे राज्याचे, लोहमार्ग पोलीस तेही राज्याचे, आणि रेल्वे सुरक्षा दल केंद्राचे. दादांना कोणी नेले हे आईला सांगता येईना. तिला आठवत होते ते फक्त बूट. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यात अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करण्याची जबाबदारी कार्यालयावर टाकली आहे. माझ्या अर्जाचा प्रवास मात्र त्याहून बराच लांबला.

दुसरी अडचण माझ्याच लेखणीची. मी तीन पानी अर्ज लिहिला. त्यात संपाचा इतिहास होता, संशोधनाचा हेतू होता, आणि शेवटी 'माझ्या वडिलांसंबंधीचे सर्व कागद' अशी मागणी होती. महाराष्ट्रात २०१२ च्या दुरुस्तीनुसार अर्ज एकाच विषयापुरता आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, हे मला उत्तर आल्यावर कळले. माहिती मोघम आहे असाही शेरा होता, आणि खरे सांगावयाचे तर तो योग्य होता. हेतू सांगण्याचे तर कारणच नव्हते. अर्जदाराने माहिती का हवी हे सांगण्याची गरज नाही, असे कायदाच म्हणतो. ज्या विद्येत प्रत्येक संशोधन-प्रस्तावात आपल्या कुतूहलाचे समर्थन करावे लागते, त्या विद्येत वाढलेल्या मला हे कलम वाचून काही काळ सुचेना.

दुसरा अर्ज मी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावून स्वतः नेऊन दिला. ठाण्यातील वयस्क हवालदाराने तो वाचला आणि म्हणाले, "ताई, 'सर्व कागद' म्हटलं की कोणताच कागद निघत नाही. रजिस्टरचं नाव लिहा." त्यांनीच नावे सांगितली: गुन्हा रजिस्टर, अटक रजिस्टर, स्टेशन डायरी, मुद्देमाल रजिस्टर, जप्तीचा पंचनामा. मी महिना आणि वर्ष घातले. प्रश्न एकही विचारला नाही; 'का' हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही, कागद बसतो. नकलांबरोबर अभिलेख स्वतः पाहण्याची मागणीही केली. अर्ज ९० शब्दांत आटोपला. एवढे नेमके गद्य मी क्वचितच लिहिले असेल.

तीस दिवसांनी नकार आला. माहिती दिल्यास तपासात व अभियोगात अडथळा येईल, असे त्यात म्हटले होते. आरोपी हयात नव्हता आणि संप अभ्यासक्रमात गेला होता. तरीही कलम छापील होते आणि त्यावर सही होती. वस्तुतः याच कायद्यात, अर्जाच्या तारखेपूर्वी वीस वर्षांहून जुन्या घटनेची माहिती द्यावीच लागते, असे आठव्या कलमाचे तिसरे पोटकलम सांगते. देशाची सुरक्षितता, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढेच अपवाद तेथे राहतात. तपासाचा किंवा खासगीपणाचा आक्षेप राहत नाही. आधुनिक साहित्याच्या अभ्यासकांनी हे पोटकलम पाठ करून ठेवावे. मी तीस दिवसांच्या मुदतीत प्रथम अपील केले आणि सोबत दादांच्या मृत्यूचा दाखला जोडला. सुनावणी दहा मिनिटे चालली. अधिकारी सौजन्याने वागले. अभिलेख दाखवावेत असा आदेश झाला.

स्टेशन डायरी आणि पंचनामा मुदत संपल्याने नष्ट झाल्याचे लेखी मिळाले. अशा वेळी नष्ट केलेल्या कागदांची यादी मागावी, हे मला त्या हवालदारांनीच सुचविले होते. यादी मिळाली, तिच्यात ती वर्षे होती. मुद्देमाल रजिस्टर मात्र तिच्यात नव्हते, म्हणून ते शोधावे लागले, आणि ते सापडले.

नोंद अशी होती: एक वही, निळा पुठ्ठा, शाईने मराठीत गाणी एकवीस, पैकी तीन आक्षेपार्ह, बाकी किरकोळ. पुढच्या रकान्यात न्यायालयात सादर केल्याची तारीख. न्यायालयाच्या नक्कल विभागात अर्ज केला, तेव्हा तेथील प्रकरण नियमानुसार कधीच नष्ट झाल्याचे समजले. वही संपली ती तेथे.

मी दोन रुपये भरून त्या पानाची साक्षांकित प्रत घेतली. दादांच्या कवितेविषयी जगात असलेला एकमेव समीक्षात्मक अभिप्राय माझ्या हातात होता. तो कोणी लिहिला हे ठाऊक नाही, परंतु त्याने एकवीसही गाणी वाचली होती. आम्ही घरच्यांनी एकही वाचले नव्हते. या गृहस्थावर रागवावे की त्याचे आभार मानावेत, हे मला अजून ठरविता आलेले नाही. पोलीस दप्तर हा विरोधकाने लिहिलेला मजकूर असतो, तो उलटा वाचावा लागतो, असे मी शिकवीत आले. पण ज्या दप्तरात शत्रूनेच मोजणी राखली आहे आणि आप्तांनी भीतीपोटी जाळले आहे, तेथे उलटे वाचायचे ते कोणाला?

प्रत घरी नेऊन आईला वाचून दाखविली. तीन आक्षेपार्ह गाण्यांविषयी तिने काही विचारले नाही.

"बाकीची किती म्हणालीस?"

"अठरा."

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "माझ्यावरचं त्यातच असणार."