लालबाजारचे चर्च

कलकत्त्यास बदली होऊन आलेल्या मराठी माणसास लालबाजार म्हटले की पोलिसांचे मुख्यालय तेवढे ठाऊक असते. तेथून जवळच, पूर्वीच्या बहूबाजार रस्त्यावर, 1809 साली उघडलेले एक बॅप्टिस्ट चर्च आहे. त्यास त्या काळी लालबाजार चॅपेल म्हणत. आज ते कॅरींच्या नावाने ओळखले जाते. हे विल्यम कॅरी आम्हां मराठी वाचकांस परके नव्हेत. फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवीत असता, पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने, त्यांनी 1805 मध्ये आपल्या भाषेचे व्याकरण व 1810 मध्ये कोश छापविला. या ओळखीपोटीच आम्ही त्या चर्चच्या इतिहासाकडे वळलो. पण मन गुंतले ते एका निराळ्याच प्रसंगात.

1812 च्या फेब्रुवारीत अ‍ॅडोनिरम जडसन हा अमेरिकन तरुण पत्नी अ‍ॅनसह मिशनरी म्हणून हिंदुस्थानाकडे निघाला. ज्या मंडळाच्या पैशावर त्याचा निर्वाह चालावयाचा, त्याच्या पंथात तान्ह्या मुलांसही बाप्तिस्मा देत. श्रीरामपूरचे कॅरी व त्यांचे सहकारी मात्र, ज्यास स्वतःची श्रद्धा उमगली आहे त्यासच, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून, बाप्तिस्मा देणारे. त्यांच्याशी वाद पडल्यास उत्तर हाताशी असावे म्हणून जडसनने जहाजावर मूळ ग्रीक शब्दांचा अभ्यास आरंभिला. आणि उत्तर शोधता शोधता प्रतिपक्षाचेच म्हणणे त्यास खरे वाटू लागले!

आता करावे काय? देश परका, कंपनी सरकारची दृष्टी वाकडी, आणि पोटास आधार त्या मंडळाचाच. अ‍ॅनने आरंभी विरोध केला. पुढे तिलाही तेच पटले. दोघांनी मौन पाळले असते तर साता समुद्रांपलीकडे कोणास कळणार होते? परंतु 6 सप्टेंबर 1812 रोजी याच चर्चमध्ये विल्यम वॉर्ड यांच्या हातून त्यांनी बाप्तिस्मा घेतला व मंडळाशी असलेला संबंध सोडला. 1 नोव्हेंबरास त्यांचा सहकारी ल्यूथर राइस यानेही तीच वाट धरली.

कंपनीने त्यांस येथे राहू दिले नाही. 1813 मध्ये जडसन दांपत्य रंगूनास पोहोचले. तेथे जडसनने बर्मी बायबलाचे भाषांतर हाती घेऊन 1834 मध्ये पुरे केले. राइस मायदेशी परतला आणि 1814 मध्ये फिलाडेल्फियास अमेरिकन बॅप्टिस्टांची देशव्यापी संघटना उभी राहिली. पण हे सारे पुढचे. कुंडात उतरताना यांतले काहीच त्यांच्या हाती नव्हते.

धर्ममतांच्या खरेखोटेपणाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. आम्ही पडलो पगारी माणसे. वरिष्ठांचा कल पाहून टिपणी लिहावी, ही आमच्या दुनियेची रीत. ‘ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी’ ही म्हण आपल्याच भाषेने घडविली आहे. ती खोटी नव्हे. घरी चार तोंडे खाणारी असली की तिचे शहाणपण कोणासही पटते. मात्र लालबाजारच्या त्या कुंडापाशी ती पुरी पडत नाही, एवढे खरे.