घाटातली ड्युटी आणि व्यायाम

पळसदरीला खोपोलीचा फाटा सुटला की मुख्य रेल्वेमार्ग बोरघाट चढू लागतो. 37 फुटांना एक फूट चढ. माझ्या ट्रॅकमनच्या कामात खांद्यावर पहार, हातोडा आणि पायाखाली सरकणारी खडी. 60 किलोचा म्हणतात तो रूळ मीटरला तेवढा भरतो. काँक्रीटचा स्लीपर अडीचशे किलोंच्या वर. लोक विचारतात, एवढं झाल्यावर आणखी व्यायाम कशाला?

कामाने अंग एकाच बाजूने झिजतं म्हणून. हातोडा कायम उजव्या हाताचा, कंबर कायम पुढे वाकलेली. म्हणून संध्याकाळी बारला लटकून अंग वर ओढतो, डाव्या हाताने वजन उचलतो, मोजक्या बैठका मारतो. वजन जड, पण फेऱ्या थोड्या. दमेपर्यंत नाहीच, दमणं ड्युटीवर झालेलं असतं.

पावसाळ्यातल्या रात्रीच्या गस्तीनंतर मात्र वजनाला हात लावत नाही. सकाळी बादलीची कडी धरताना बोटं नीट मिटली नाहीत, तर तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि झोप. याला आळस म्हणणं मला मुळीच पटत नाही. घाटात दरड कधी येईल सांगता येत नाही, तेव्हा दंडात जोर शिल्लक हवा.

उद्या दिवसपाळी. पाठ हलकी वाटली तर बार, नाहीतर नुसत्या बैठका.