वितळलेल्या तारेचा निरोप

रोग एका ठिकाणी आणि लक्षण दुसऱ्या ठिकाणी, हा अनुभव वैद्यांस नित्याचा आहे. यंत्रांच्या बाबतीतही तो तितकाच खरा आहे, याची प्रचीती आम्हांस एका जुन्या दूरदर्शन-संचाने आणून दिली. विद्यार्थ्यांस त्यातील शास्त्र उपयोगी पडेल व पालकांस कदाचित त्याहून काही अधिक सापडेल, म्हणून ती हकीकत येथे देत आहोत.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढील वर्षी आमच्या मामांनी दादरच्या बिऱ्हाडी व्हॉल्व्हचा कृष्णधवल संच आणला. त्याच्यापुढे रविवारी सायंकाळी निम्मी चाळ सतरंजीवर दाटीवाटीने बसत असे. आज मामा नाहीत. चाळ पाडावयाचे ठरले तेव्हा मामी म्हणाल्या, "दिवा लागला तर हा माझ्याबरोबर येईल, नाही तर भंगारवाल्यास देऊन टाक. मुकी पेटी ठेवण्याइतकी जागा आता कोठे आहे?" संचास जगण्याची ही एकच संधी होती. रेडिओ-दुरुस्तीत ज्यांची हयात गेली अशा एका वृद्ध गृहस्थांस आम्ही पाचारण केले व त्यांच्या हाताखाली कामास लागलो.

भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते आणि सेकंदास ५० आवर्तने घेत उलटसुलट वाहते. संचाच्या वीजपुरवठ्यास तिच्याकडून दोन कामे करून घ्यावयाची असतात. पहिले, व्हॉल्व्हमधील तंतू तापविणे. अशा संचांत हे सारे तंतू माळेतील मण्यांप्रमाणे एकामागून एक ओवलेले असतात व त्यांतून ०.३ अँपिअर प्रवाह वाहतो. एक तंतू तुटला की सगळी माळ विझते. दुसरे काम म्हणजे उलटसुलट प्रवाह डायोडमधून एकाच दिशेस वळवून व मोठ्या कंडेन्सरांत साठवून, दोनशे व्होल्टांहून अधिक दाबाचा संथ प्रवाह व्हॉल्व्हांस पुरविणे.

येथे विद्यार्थ्यांस एक निक्षून सांगणे आहे. असा संच कोणी स्वतः उघडू नये. त्याचा लोखंडी सांगाडा विजेच्या एका तारेस थेट जोडलेला असू शकतो; कंडेन्सर प्लग काढल्यावरही भार धरून राहतात; आणि चित्रनलिकेवर हजारो व्होल्टांचा दाब असतो. आमच्या गुरुजींनी मध्ये पृथक्कारी ट्रान्सफॉर्मर ठेवला होता, आणि ते स्वतःही एक हात खिशात ठेवून मोजमाप करीत.

वीज न देता प्रथम केवळ डोळ्यांनी पाहणी झाली. फ्यूजच्या जागी फ्यूज नव्हताच! कोणा कारागिराने पूर्वी तेथे जाड तांब्याची तार गुंडाळली होती. तिच्या पुढचा, दाब कमी करणारा मोठा रोध काळवंडला होता, पण तुटला नव्हता. गुरुजी म्हणाले, "फ्यूज जळला म्हणून त्याच्यावर रागावू नका, तो कोणासाठी जळला ते विचारा."

मग संचाच्या मार्गात शंभर वॉटचा साधा दिवा जोडला. संच निरोगी असेल तर हा सिरीज दिवा क्षणभर प्रखर होतो व मग मंदावतो. आमचा दिवा लख्ख पेटला तो पेटलेलाच राहिला. म्हणजे आत कोठे तरी प्रवाहास आडवाट मिळाली होती. आता एकेक भाग सोडवीत जावयाचे. पुढील सर्व व्हॉल्व्हांकडे जाणारी दाबाची तार सोडविली, तरी दिवा तसाच. डायोड सोडविला आणि दिवा मंदावला. मीटर लावता डायोड दोन्ही दिशांनी सारखाच वाहू देत होता. ज्याने एकाच दिशेचे दार उघडावयाचे, तो सताड उघडा पडला होता.

आम्हांस वाटले, चोर सापडला. परंतु गुरुजींनी पुढे विचारले, "आणि हा कशाने मेला?" डायोडमागचा कंडेन्सर तपासता तो आतून सुकून गळका झाल्याचे आढळले. त्याच्या गळतीचा भार डायोडवर पडला, डायोड कोसळला, फ्यूजने प्राण देऊन वर्दी दिली. आणि ती वर्दी न ऐकता तार गुंडाळली गेली, तेव्हा रोध होरपळला. केवळ डायोड बदलला असता तर नवाही त्याच वाटेने गेला असता.

डायोड, रोध व कंडेन्सर बदलून योग्य मापाचा फ्यूज बसविला. राहिलेल्या जुन्या कंडेन्सरांतील ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा सूक्ष्म थर वापराअभावी क्षीण होतो; तो पुन्हा बसावा म्हणून दाब काही तासांत हळूहळू चढविला. व्हॉल्व्ह नारिंगी झाले, पडदा उजळला. पण त्यावर एक रुंद काळसर पट्टा सावकाश वर सरकत होता. प्रवाहातील ५० आवर्तनांची लाट नीट निवली नसल्याची ती खूण. पडदाही सेकंदास ५० वेळा आखला जातो, म्हणून पट्टा एकच दिसतो. दुसरा कंडेन्सर बदलताच तो नाहीसा झाला. चित्रासाठी पुढे निराळे उपकरण जोडावे लागले. पण मामींचा निर्णय त्या शुभ्र पडद्यापाशीच झाला होता.

या खटाटोपातून आमच्या मनात एक विचार राहिला. फ्यूज हा यंत्रातील सर्वांत स्वस्त व सर्वांत दुबळा भाग. म्हणूनच तो प्रथम बोलतो. घरात व शाळेतही असे कोणी तरी असते. एखाद्या मुलाचे गुण एकाएकी घसरतात, एखादी मुलगी अबोल होते, आणि आपण धाकाची जाड तार गुंडाळून काम चालू ठेवतो. काही दिवस ते चालतेही. परंतु जे प्रथम जळते ते बहुधा दोषी नसते. ते निरोप घेऊन आलेले असते. त्यास गप्प करण्यापूर्वी निरोप ऐकून घ्यावा, एवढीच आमची विनंती आहे.